मैदानाचा कर्ता

गोल्फ हा साहेबांचा खेळ, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे व ती अगदीच निराधार नाही. १८२९ साली कलकत्त्यास गोल्फचा क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब म्हणून तो ओळखला जातो. पुढे संस्थानिकांनीही या खेळास आश्रय दिला. आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे, हे वाचकांस सांगावयास नकोच. परंतु असे मैदान कोणीतरी आखावे लागते, हा विचार आपल्यापैकी कितीकांच्या मनात येत असेल? क्रिकेटला सपाट जमीन आणि बावीस यार्डांची पट्टी मिळाली की भागते. गोल्फचे तसे नाही. तेथे चेंडू एकेक करून अठरा खळग्यांत घालावयाचा. आणि प्रत्येक खळग्याची वाट, तिच्यावरील उंचवटे, वाळूचे खड्डे आणि शेवटची हिरवळ ही सारी निराळी. ज्याने ती योजिली त्याच्या बुद्धीशीच खेळणाऱ्याचा सामना असतो. अशा योजकांत अग्रगण्य गणले गेलेले डॉ. ॲलिस्टर मॅकेंझी यांच्या चरित्राकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. खेळाची गोडी नसलेल्यांनीही ते जाणून घ्यावे, इतके त्यात घेण्यासारखे आहे.

मॅकेंझी यांचा जन्म १८७० साली इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला, आईबाप स्कॉच. केंब्रिजला शिकून ते डॉक्टर झाले आणि बोअर युद्धात शल्यवैद्य म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे त्यांनी एक गोष्ट टिपून ठेवली. मूठभर बोअर शेतकरी आपले खंदक भोवतालच्या जमिनीत असे बेमालूम मिसळून टाकीत की, समोरच्या कवायती फौजेस ते दिसतच नसत. माणसाने केलेले काम निसर्गानेच केल्यासारखे दिसावे, हा धडा त्यांनी रणांगणावर घेतला. पहिल्या महायुद्धात हीच विद्या त्यांनी ब्रिटिश सैन्यास शिकविली. पण तिचे खरे चीज झाले ते गोल्फच्या मैदानांवर.

१९०७ साली लीड्सजवळ अल्वुडली येथे त्यांनी आपले पहिले मैदान उभे केले. १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ या नियतकालिकाने एका आदर्श खळग्याच्या आराखड्यासाठी स्पर्धा लावली, तीत त्यांचा पहिला क्रमांक आला. हळूहळू वैद्यकी मागे पडली. १९२० साली त्यांनी या विद्येवर एक छोटेखानी पुस्तक लिहून तेरा तत्त्वे मांडली. कृत्रिम रचना नैसर्गिक दिसावी, हे त्यांतील एक. दुसरे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. पट्टीच्या खेळाडूस हुरूप येईल असे धाडसाचे टोले मैदानात असावेत. मात्र दुबळ्यासाठी शेजारून दुसरी वाट असलीच पाहिजे. तिने जाणाऱ्याचा एखादा टोला अधिक खर्ची पडेल, पण तो अडून राहणार नाही. कितीही टोले लागले तरी नवशिक्याने हसतमुखाने घरी जावे, अशी त्यांची दृष्टी होती. मॅकेंझी स्वतः बहुतेक आयुष्यभर बेताचेच खेळाडू होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय ते वैद्य होते. मोकळ्या हवेतील चालणे आणि मनाची करमणूक यांचा गुण औषधाच्या बाटलीहून अधिक, असे त्यांचे मत होते.

१९२६ साली ते ऑस्ट्रेलियास गेले. तेथील मुक्काम काही आठवड्यांचाच. पण तेवढ्यात त्यांनी मेलबर्नच्या रॉयल क्लबचे मैदान आखून दिले आणि ते प्रत्यक्षात उतरविण्याचे काम ॲलेक्स रसेल व तेथील माळीप्रमुख मिक मॉरकम यांच्या स्वाधीन केले. त्या दोघांनी ते इतक्या निष्ठेने केले की जगातील उत्तम मैदानांत आजही त्याची गणना होते.

पुढे कॅलिफोर्नियात समुद्रकाठी त्यांनी ‘सायप्रस पॉइंट’ सिद्ध केले. ते १९२८ साली खुले झाले. तेथील सोळावा खळगा प्रसिद्ध आहे. खाली समुद्र उसळत असतो आणि दोनशेहून अधिक यार्डांवर, पलीकडच्या कड्यावर हिरवळ असते. ज्याला हिंमत असेल त्याने लाटांवरून चेंडू फेकावा. नसेल त्याने डावीकडच्या जमिनीवरून वळसा घालून जावे. तेरा तत्त्वांतले ते तत्त्व येथे डोळ्यांना दिसते. या कल्पनेचे श्रेय मात्र मॅकेंझी यांनी मॅरियन हॉलिन्स या बाईंना मनमोकळेपणाने दिले.

हे मैदान पाहूनच बॉबी जोन्स हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू त्यांच्यावर लुब्ध झाला. जॉर्जियातील ऑगस्टा येथे फळझाडांच्या एका जुन्या रोपवाटिकेच्या जागी त्याला आपल्या मनासारखे मैदान करावयाचे होते. ते काम त्याने मॅकेंझी यांस दिले. पण तोवर अमेरिकेत मंदीचा कहर झाला होता. क्लबला सभासद मिळेनात, पैसा जमेना. मैदान झाले, परंतु मॅकेंझी यांना ठरलेल्या मोबदल्याचा मोठा भाग मिळालाच नाही. अखेरच्या काळात पैशासाठी त्यांना पत्रांमागून पत्रे लिहावी लागली. १९३४ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे, आपणच आखलेल्या मैदानाच्या कडेच्या घरात त्यांचे देहावसान झाले. ऑगस्टाची पहिली स्पर्धा भरली ती त्याच वर्षीच्या मार्चात. ‘मास्टर्स’ या नावाने ती आज जगभर पाहिली जाते. हिरवळीने पूर्ण भरलेले ते मैदान त्याच्या कर्त्याच्या दृष्टीस पडले नाही. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचे हस्तलिखितही असेच अडगळीत राहिले व १९९५ साली छापून निघाले.

ही कथा दूरदेशीची खरी. पण आम्हा बडोदेकरांना ती परकी वाटू नये. ज्या लक्ष्मीविलासचा आपणांस एवढा अभिमान, त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. मँट १८८१ साली निवर्तले; काम पुढे रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेले आणि १८९० साली वास्तू पुरी झाली. भोवतालची बाग विल्यम गोल्डरिंग यांनी आखली. राजवाडा बांधविणाऱ्या सयाजीराव महाराजांचे नाव आपल्या घराघरांत आहे व ते असावेच. परंतु ज्यांनी रेषा ओढल्या त्यांची नावे आपल्या मुलांना कोणी सांगितली आहेत काय?

ज्याचे कौशल्य दिसू नये हीच ज्याच्या कौशल्याची परीक्षा, त्याला विसरणे फार सोपे असते. बागेतून फिरणाऱ्यास वाटते, ही झाडे येथे अशीच होती. मैदानावर खेळणाऱ्यास वाटते, हा उतार देवानेच दिला. म्हणूनच अशा कारागिराचे देणे चुकविण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते. नगरात बाग होवो, क्रीडांगण होवो की नाट्यगृह, त्याच्या उद्घाटनाच्या फलकावर पाहुण्यांच्या नावांबरोबर आखणाऱ्याचे व राबणाऱ्यांचे नाव असावे, आणि त्यांचा मोबदला त्यांच्या हयातीत, वेळच्या वेळी मिळावा. आणि जागा आखताना धडधाकटांबरोबरच म्हातारे, मुले व दुबळे यांनाही तेथे आपल्या चालीने जाता येईल, अशी एक वाट असावी. मॅकेंझी यांनी ती खेळात ठेविली. आपण ती नगरात ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.