कर्णपूरणापूर्वी कर्णपटल पाहा

चाकण, म्हाळुंगे, भोसरी परिसरातील कामगार ‘कान वाहतो, ऐकू कमी येते’ असे गाऱ्हाणे घेऊन वैद्याकडे येतो, तेव्हा पुष्कळदा दुकानातून परस्पर घेतलेले तेल त्याने आधीच कानात घातलेले असते. या प्रथेचा वैद्य व औषधी विक्रेते या दोघांनीही गांभीर्याने विचार करणे अगत्याचे आहे.

कर्णपटलाचे क्षेत्रफळ रिकीब या अस्थीच्या तळाच्या सुमारे १७ पट असते. या तफावतीमुळे व अस्थिसाखळीच्या तरफेमुळे ध्वनीचा दाब वाढून अंतःकर्णातील द्रवापर्यंत पोहोचतो. छिद्र पडले की पडद्याच्या दोन्ही बाजूंतील दाबाचा फरक घटतो. प्रथम खालच्या पट्टीतील स्वर मंदावतात. छिद्र जितके मोठे, तितकी हानी अधिक. ती ४० डेसिबलच्या पुढे गेल्यास अस्थिसाखळी वा अंतःकर्णही बिघडल्याची शंका घ्यावी.

आपल्या पट्ट्यात ही शंका वारंवार घ्यावी लागते. प्रेस शॉप व फोर्जिंगमधील गोंगाट अंतःकर्णाला इजा करतो, तीही बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास प्रथम. एकाच कामगारात दोन्ही दोष असू शकतात. शस्त्रकर्माने पडदा सांधता येतो. गोंगाटाने गेलेले श्रवण परत येत नाही. ५१२ हर्ट्झचा नादकाटा हा भेद बऱ्याच अंशी दाखवितो; आमच्या किती चिकित्सालयांत तो आहे? चपराकीने फाटलेला पडदा कोरडा राखल्यास बहुधा तीन महिन्यांच्या आत भरून येतो. वेल्डिंगच्या ठिणगीने जळालेला मात्र तितक्या सहजी भरत नाही.

सुश्रुतांनी २८ कर्णरोग सांगताना बाधिर्य व कर्णस्राव वेगळे मोजले आहेत. बाधिर्यातील बिल्वतैलाचे पूरण सच्छिद्र, वाहत्या कानात करणे म्हणजे तेल थेट मध्यकर्णात सोडून संसर्गास वाट देणे होय. पिढ्यान्‌पिढ्या तेल घालत आलो, हा युक्तिवाद अखंड पडद्यापुरताच खरा. म्हणून ऑटोस्कोपने पाहिल्याविना कर्णपूरण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेत्यांनी ‘कान वाहतो का, मार किंवा ठिणगी लागली होती का’ एवढे विचारावे आणि होकार आल्यास बाटली देऊ नये.

अशा रुग्णास ऑडिओमेट्रीसाठी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, विमाधारक असल्यास चिंचवडच्या राज्य कामगार विमा रुग्णालयात पाठवावे. कान वाहत असेतो कामावर कानात बोळे न घालता बाहेरून कान झाकणारे संरक्षक वापरण्यास सांगावे.