शोकेसमधले बायबल

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. खाडीकाठचे हे जुने गाव आता गोदामे, उंच इमारती आणि मेट्रोचे खांब यांच्या गर्दीत शोधावे लागते. त्या इमारतींमध्ये वसईची, उत्तनची, गोव्याची आणि मंगळूरची कॅथलिक कुटुंबे राहावयास आली आहेत. स्वतःचे चर्च हाकेच्या अंतरावर नसल्यामुळे ती महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात, प्रभुशब्द वाचतात, रोझरी म्हणतात आणि चहा घेऊन पांगतात. अशाच एका घरी गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मी उपस्थित होतो. त्या संध्याकाळी जे घडले त्यानेच हा लेख लिहावयास भाग पाडले आहे.

घरातील आजोबा त्याच पावसाळ्यात निवर्तले होते. प्रार्थनेसाठी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचे वाचन निवडले होते. युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करतो आणि त्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून दोन हजार द्राख्मा यरुशलेमला यज्ञार्पणासाठी पाठवतो, असा तो प्रसंग. नववीत शिकणारा नातू उभा राहिला. त्याच्या हातात कुणीतरी फुकट वाटलेले, काळ्या कव्हरचे मराठी बायबल होते. तो पाने उलटू लागला. मलाखी संपला की थेट मत्तय! मुलगा पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला, घामाघूम झाला. समाचाराला आलेले एक शेजारी, दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे सज्जन गृहस्थ, अत्यंत सौम्य स्वरात म्हणाले, “बाळ, शोधू नकोस. ते पुस्तक मूळ बायबलात नाहीच. तुमच्या चर्चने ते मागाहून घातले आहे.”

आम्ही अकरा कॅथलिक बसलो होतो. त्यांत दोन शिक्षक, एक बँक अधिकारी, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि प्रस्तुत लेखक. एकाच्याही तोंडून उत्तर निघाले नाही. तेव्हा आजीबाईंनी विचारले, “मग इतकी वर्षे आम्ही मेलेल्यांसाठी जे वाचत आलो ते काय होतं?”

त्या घरात ते पुस्तक नव्हते असे मात्र समजू नका. शोकेसमध्ये, काचेच्या बाहुल्या आणि मुलाची शाळेतील ढाल यांच्या मधोमध, सोनेरी कडांचे एक भले मोठे इंग्रजी बायबल होते. थोरल्या सुनेला लग्नात मिळालेले. त्यात मक्काबींची दोन्ही पुस्तके होती. परंतु त्यावरचे प्लास्टिकचे वेष्टनही अद्याप फाडलेले नव्हते.

माझे भांडण त्या शेजाऱ्यांशी नाही. त्यांना त्यांच्या मंडळीत जे शिकवले ते त्यांनी निष्ठेने सांगितले. माझे भांडण आपल्याशी आहे. “बायबल ते बायबल, कोणतेही घ्या, देव एकच” हे जे वाक्य आपण मोठ्या उदारपणे फेकतो, ते उदारपणाचे नसून आळसाचे वाक्य आहे. पाच रुपयांची कोथिंबीर घेताना जुडी उलटीसुलटी करून पाहणारा माणूस बायबल घेताना अनुक्रमणिकाही उघडत नाही, याला श्रद्धा म्हणायचे काय?

आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून पुढे अलेक्झांड्रियात व इतरत्र राहणाऱ्या ग्रीकभाषक ज्यू लोकांसाठी त्यांच्या शास्त्राची भाषांतरे होत गेली. त्या ग्रीक संग्रहात काही अशी पुस्तके होती की जी पुढे ज्यू आचार्यांनी मान्य केलेल्या हिब्रू यादीत आली नाहीत. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा जुना करार म्हणजे मुख्यतः हाच ग्रीक संग्रह. संत जेरोम यांना या पुस्तकांविषयी शंका होती हे आपण लपवण्याचे कारण नाही. तरीही पश्चिमेकडील ख्रिस्तसभा ती शतकानुशतके वाचत राहिली, आणि ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेने जुन्या कराराची सेहेचाळीस व नव्याची सत्तावीस अशा त्र्याहत्तर पुस्तकांवर शिक्कामोर्तब केले. ती सात पुस्तके म्हणजे तोबित, युदिथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूक आणि मक्काबींची दोन. शिवाय एस्तेर व दानिएल यांतील काही भाग. मार्टिन ल्यूथर यांनीसुद्धा १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलातून ही पुस्तके हाकलून दिली नव्हती, दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली होती. इंग्लंडच्या १६११ च्या राजमान्य भाषांतरातही ती तशीच वेगळ्या विभागात होती. ती छापायचीच नाहीत, त्यांवर पैसा खर्चायचा नाही, असा निर्णय लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने केला तो १८२६ च्या सुमारास, आणि तोही आपापसांतील कडाक्याच्या वादानंतर. म्हणजे जी पुस्तके “मागाहून घातली” असे त्या रात्री सांगितले गेले, ती खरे पाहता मागाहून काढली गेली. एवढे सांगता आले असते तरी आजीबाई त्या रात्री शांत झोपल्या असत्या.

आणि हा केवळ पांडित्याचा वाद नव्हे. आपल्या अंत्यविधीच्या मिस्सेत ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय वाचला जातो. लग्नाच्या मिस्सेत तोबित आणि सारा यांची पहिल्या रात्रीची प्रार्थना ऐकू येते. म्हणजे आपले लग्न आणि आपले मरण ज्या पानांवर येते, ती पानेच आपल्या घरच्या बायबलात नसावीत!

आता दुसऱ्या टोकाला असलेल्या मंडळींकडे वळतो. ते म्हणतात, प्रॉटेस्टंटांचे भाषांतर घरातच आणू नका. हाही हट्टच. ५ एप्रिल २०२० च्या झावळ्यांच्या रविवारपासून भारतात इंग्रजी मिस्सेच्या वाचनांसाठी जे नवे भाषांतर सुरू झाले (टाळेबंदीमुळे त्या दिवशी बाक रिकामे होते आणि ते पहिल्यांदा कुणी ऐकले असेल तर ते पडद्यावर), ते मुळात २००१ साली अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळींनी प्रसिद्ध केलेले भाषांतर आहे. आपल्या बिशपांनी ते तपासले, उरलेली पुस्तके जोडून पूर्ण करवून घेतले, आणि मग वेदीवर आणले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात विभक्त बंधूंच्या सहकार्याने केलेली भाषांतरेही वापरण्यास वाट मोकळी केली आहे. तेव्हा भाषांतर कुणी केले यापेक्षा ते पूर्ण आहे काय, ख्रिस्तसभेने तपासले आहे काय आणि त्याला टिपा आहेत काय, हे विचारणे शहाणपणाचे.

टिपांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८३ च्या धर्मसभा-कायद्यातील ८२५ वे कलम पवित्र शास्त्राची भाषांतरे बिशपांच्या मान्यतेने, आणि पुरेशा स्पष्टीकरणांसह, प्रसिद्ध व्हावीत असे सांगते. याउलट १८०४ साली स्थापन झालेल्या लंडनच्या त्या सोसायटीचे तत्त्वच होते की टीप किंवा भाष्य न जोडता नुसता मजकूर छापायचा. त्यामागची भावना प्रामाणिक होती. पंथांची भांडणे पानाखाली येऊ नयेत हा हेतू होता. पुढे १९६८ मध्ये दोन्ही बाजूंनी संयुक्त भाषांतरांसाठी काही तत्त्वे ठरवली आणि विशेषनामे, इतिहास, शब्दश्लेष अशा गोष्टींवर टिपा देण्यास एकमताने मान्यता दिली. परंतु आपल्या घरोघरी पोहोचलेल्या फुकट प्रती त्या जुन्या परंपरेतल्या. वाचक एकटा आणि मजकूर एकटा.

टिपेवाचून काय अडते याचे एकच उदाहरण पुरे आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात रात्रीच्या वेळी निकदेम येशूकडे येतो. पुन्हा जन्मल्याशिवाय देवाचे राज्य दिसणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी येशू त्याला सांगतो, आणि तो म्हातारा माणूस गोंधळून आईच्या उदरात परत कसे शिरायचे म्हणून विचारतो. निकदेम मूर्ख होता काय? नव्हता. ग्रीकमध्ये तिथे ‘आनोथेन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘पुन्हा’ असाही होतो आणि ‘वरून’ असाही होतो. येशू ‘वरून’ म्हणतो आहे, निकदेम ‘पुन्हा’ ऐकतो आहे. सगळा संवाद त्या एका शब्दाच्या बिजागरीवर फिरतो. मराठीत दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्द नाही. भाषांतरकाराला एक निवडावा लागतो, दुसरा पानाखाली ठेवावा लागतो. ज्या प्रतीत पानाखाली काहीच नाही, तिथे अर्धा संवाद गळून पडला आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागला नाही. आज या एका वचनावर “तुमचा पुन्हा जन्म झाला आहे का?” असे विचारीत जे लोक कशेळीच्या जिन्यांवरून फिरतात, त्यांना आपला तरुण काय सांगणार?

लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला अभिवादन करतो तिथेही तेच. आपण रोझरीत ‘कृपापूर्ण’ म्हणतो. ती परंपरा जेरोमच्या लॅटिन भाषांतरातून आली. इतर मराठी भाषांतरांत ‘कृपा पावलेली’ अशी वळणे भेटतात. मूळ ग्रीक शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ कृपा करणे असा आहे, आणि त्याचे रूप पूर्ण झालेल्या व टिकून राहिलेल्या क्रियेचे आहे. म्हणजे ‘कृपा पावलेली’ हे चूक नाही, आणि ‘कृपापूर्ण’ हा आपला हट्टही नाही. दोन प्रती शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे हे कळते. एकाच प्रतीवर डोके आपटून कळत नाही. ‘पश्चात्ताप करा’ या शब्दांचेही असेच. आपण त्यातला ताप ऐकतो, रडणे ऐकतो. मूळ शब्दात मन पालटणे आहे.

येथे कुणी म्हणेल, इंग्रजीत अभ्यासाची उत्तम बायबले आहेत, ती घ्या आणि गप्प बसा. आहेत, खरेच. यरुशलेममधील फ्रेंच डोमिनिकन विद्वानांनी सिद्ध केलेल्या यरुशलेम बायबलाची इंग्रजी आवृत्ती १९६६ सालापासून मिळते आहे. आपल्याच मुंबईत सेंट पॉल संस्थेने २००८ मध्ये न्यू कम्युनिटी बायबल काढले. त्याच्या टिपांत गीता, उपनिषदे, गांधीजी, टागोर यांचे उल्लेख आले, चित्रांत मरिया साडीत आली, आणि केवढा गदारोळ माजला! अखेर २०११ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. त्या टिपांपैकी काही मलाही ओढूनताणून आणलेल्या वाटल्या होत्या. पण गदारोळ करणाऱ्यांपैकी कितीजणांनी टिपा वाचल्या होत्या? चित्र पाहणे सोपे असते.

असो. मुद्दा असा की ही सारी चर्चा इंग्रजीत झाली. आजीबाईंच्या घरात ती पोहोचली नाही, आणि नातवाच्याही घशाखाली ती उतरत नाही. इंग्रजी माध्यमात शिकणारा तो मुलगा परीक्षेपुरते इंग्रजी वाचतो, रडतो मराठीत.

आणि मराठीत आपण काय केले? फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. ते भाषांतर नव्हते, पण बायबलाची कथा मराठी ओवीत उतरली होती. त्यानंतर १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषाच मोडून काढण्याचा हुकूम काढला. पुढच्या शतकांत भाषांतराचे काम केले ते दुसऱ्यांनी. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी, मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी, आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घालून, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि मुक्ती सदनातील स्त्रियांनी छापलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. आम्ही मात्र चारशे वर्षे जुने कॅथलिक असल्याचा अभिमान बाळगत बसलो होतो. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि मराठी वाचकांनी ते डोक्यावर घेतले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालत आले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांचे बायबल हिंदू मित्रांच्या कपाटात मी पाहिले आहे; आपल्या घरांत मात्र त्याची प्रत मला क्वचितच दिसली आहे.

आपल्या धर्मग्रामांत प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवशी मुलाला जे दिले जाते त्याची यादी आठवून पाहा. घड्याळ, सायकल, मोबाइल, आणि ‘आशीर्वाद’ म्हणून एक पांढऱ्या कव्हरचे, खिशात मावेल असे बायबल, ज्याची अक्षरे वाचायला भिंग लागेल. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याच मुलाला संदर्भ दिला जातो आणि त्याच्या पुस्तकात स्तोत्राचा क्रमांक जुळत नाही, कारण हिब्रू गणनेतील तेविसावे स्तोत्र जुन्या लॅटिन गणनेत बाविसावे आहे. एवढी साधी गोष्टही त्याला कुणी सांगत नाही.

माझी मागणी मोठी नाही. दुकानात उभे राहून पाच मिनिटे द्या. अनुक्रमणिकेत तोबित आणि मक्काबी आहेत का पाहा. मुखपृष्ठामागच्या पानावर बिशपांची मान्यता छापली आहे का पाहा. योहान तीन उघडा आणि पानाखाली नजर टाका. तिथे कोरे असेल तर ते पुस्तक दुसरी प्रत म्हणून घ्या, पहिली म्हणून नको. आणि दुसरी प्रत जरूर घ्या, मग ती रमाबाईंची असो वा बायबल सोसायटीची, कारण तुलनेशिवाय मूळ शब्दाची चाहूल लागत नाही.

राहिली मराठी टिपांची उणीव. या त्रैमासिकाच्या संपादकांनी प्रत्येक अंकात चार पाने त्यासाठी राखून ठेवावीत, अशी माझी जाहीर विनंती आहे. पहिले टिपण मक्काबींच्या त्या बाराव्या अध्यायावर असावे. ते लिहून द्यावयास मी तयार आहे. त्यात चूक झाली तर ती दाखवून देणारे जाणकार वसईत पुष्कळ आहेत. अंक निघाला की त्याची एक प्रत मी स्वतः कशेळीला आजीबाईंच्या हाती नेऊन देईन. शोकेसची किल्ली कुठे ठेवतात ते मी त्या दिवशीच पाहून ठेवले आहे.