नव्या ध्वजाखालचे खेळाडू

जागतिक टेबल टेनिस स्पर्धेचा तक्ता उघडावा, तर ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्स, सिंगापूर अशा परस्परांपासून दूरस्थ देशांच्या रकान्यांत चिनी नावे कित्येक वर्षे आढळत आली आहेत, आणि ती पाहून आपल्या क्षेत्रातील जाणती माणसेसुद्धा ‘हे पदक खरे कोणाचे’ असा आक्षेप घेतात. या प्रश्नाचा निकाल जन्माच्या दाखल्यावरून लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

1987 साली नवी दिल्लीत झालेल्या जागतिक स्पर्धेत हे झिली या चिनी खेळाडूने उपांत्य सामना आपल्याच सहकारिणीस सोडून देण्याचा वरिष्ठांचा हुकूम मानला नाही आणि एकेरीचे अजिंक्यपद मिळवले. पुढील वर्षीच्या सोल ऑलिंपिकच्या चमूत मात्र या जगज्जेतीस जागा मिळाली नाही. विवाहानंतर जपानमध्ये स्थायिक झालेल्या याच स्त्रीने चिरे कोयामा या नावाने 1994 साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत देंग यापिंगला अंतिम सामन्यात नमवून जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. ज्या खेळाडूच्या विद्येस स्वदेशात वाव उरला नाही, तिने ती अन्यत्र नेली, तर तिला ‘भाडोत्री’ म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

तथापि दुसऱ्या पक्षाची तक्रारही निराधार नाही. सिंगापूरने 1993 पासून परदेशी गुणी खेळाडूंना नागरिकत्व देण्याची योजना अंमलात आणली. 2008 साली बीजिंगला त्या देशास 1960 नंतरचे पहिले ऑलिंपिक पदक लाभले आणि 2010 साली मॉस्कोत त्याच्या महिला संघाने प्रत्यक्ष चीनला 3–1 असे हरवून जागतिक सांघिक अजिंक्यपद पटकावले. परंतु फेंग तियानवेई, वांग युएगू यांच्या या पराक्रमाचे कौतुक चालू असतानाच, तेथे जन्मलेल्या मुलींनी कोणत्या आशेवर सराव करावा, हेही सिंगापूरकर उघडपणे विचारीत होते. आंतरराष्ट्रीय महासंघाने 2008 साली वयानुसार तीन, पाच व सात वर्षांची मुदत मुक्रर केली आणि एकविसाव्या वर्षानंतर देश बदलणाऱ्यास जागतिक स्पर्धेचे दार बंद केले, त्यामागे हीच चिंता होती. मुदतीस आमची हरकत नाही, कारण दीर्घ रहिवासाने माणूस त्या समाजाचा होतो. दार कायमचे लावून घेणे मात्र आम्हांस कठोर वाटले.

आमच्या मते कसोटी निराळीच हवी: आलेल्या खेळाडूची विद्या सरावगृहात किती झिरपली? नी शियालिएन 1983 साली चीनच्या जगज्जेत्या संघात होती. पुढे ती लक्झेंबर्गची झाली आणि तेथेच राहिली. डाव्या हाताने, पेनहोल्ड पकडीने व लांब दाण्यांच्या रबराने खेळणाऱ्या या स्त्रीने 2021 साली ह्यूस्टनच्या जागतिक स्पर्धेत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुहेरीचे कांस्यपदक मिळवले, आणि तिची जोडीदार होती लक्झेंबर्गचीच सारा दे न्युट. त्या चिमुकल्या देशातील मुलीस असा गुरुसहवास लाभला, हे आम्हांस त्या पदकाहूनही मोलाचे वाटते.

आपल्याकडे 2008 च्या सरकारी धोरणानुसार भारतीय पारपत्र असलेल्यासच देशाचे प्रतिनिधित्व करण्याची मुभा आहे, तेव्हा हा वाद आपल्या निवड समित्यांपुढे फारसा येत नाही. पण 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी सिंगापूरला हरवून सांघिक सुवर्णपदक जिंकले, त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकर होती आणि मनिका बत्राने सलामीलाच फेंग तियानवेईला नमवले, तेव्हा समोरचे बळ चीनमध्येच घडलेले होते. त्या विजयाचे मोल कशामुळे वाढले, हे आपल्या प्रशिक्षकांनी शिष्यांस अवश्य सांगावे.

सामन्यासाठी पारपत्र लागते, सरावासाठी लागत नाही. म्हणून जिल्हा संघटनांच्या चिटणिसांस आमची विनंती आहे, की परदेशी सराव-जोडीदार केवळ राष्ट्रीय शिबिरापुरते न बोलावता त्यांतील एखाद्यास निदान एक पूर्ण हंगाम जिल्ह्याच्या सरावगृहात ठेवता येईल काय, याचा खर्चासह प्रस्ताव त्यांनी येत्या वार्षिक सभेपूर्वी राज्य संघटनेच्या दफ्तरी दाखल करावा. आणि त्या प्रस्तावात बारा ते पंधरा वयाच्या मुलामुलींसाठी रोजचे तास स्वतंत्रपणे राखून ठेवावेत.