मोडीत निघणारी घडणावळ

चांदीचा भाव चढू लागला की कपाटातील जुनी भांडी सराफाच्या तराजूकडे वळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या बाजारात चांदीने औंसामागे ५० डॉलरांची पातळी ओलांडली आणि जानेवारी १९८० चा उच्चांक मागे पडला. त्या १९८० च्या तेजीत इंग्लंड-अमेरिकेतील जेवणाच्या मेजावरचे कितीतरी जुने डाव, तबके, झाकणाची पातेली मुशीत गेली. वाचली ती, ज्यांना वजनाहून अधिक किंमत देणारे गिऱ्हाईक होते.

हे गिऱ्हाईक निर्माण होण्यात रसिकतेइतकाच कायद्याचा वाटा आहे. चांदीची शुद्धता तपासून बिबट्याच्या मुखाचा ठसा उमटविण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १३०० साली झाली. १४७८ पासून वर्षदर्शक अक्षर आले, १५४४ मध्ये सिंह आला. नाणी वितळवून भांडी घडविण्याच्या उद्योगाला पायबंद घालण्यासाठी १६९७ मध्ये भांड्यांची शुद्धता हजारी ९२५ वरून सुमारे ९५८ वर नेण्यात आली. १७२० मध्ये जुने प्रमाण परत आले, आणि त्याच्या जोडीने औंसामागे ६ पेन्सचा करही! (राज्यकर्ते सगळीकडचे सारखेच.) परिणाम असा, की अडीचशे वर्षांपूर्वीचा सूप वाढण्याचा डाव पालथा केला तरी कारागीर, गाव, वर्ष व शुद्धता या चारही गोष्टी वाचता येतात.

आपल्याकडे आजीच्या लग्नातील ताट, वाटी, पळी यांवर बहुधा असते ते केवळ नाव घातलेले. त्यांचा टंच अनुमानाने ठरतो. डाखाची म्हणून घट वजा होते. ती काही अंशी रास्तही आहे, पण किती, हे गिऱ्हाइकाला क्वचितच कळते. घडणावळीचे मोल शून्य. आणि त्याच पैशांत नवे भांडे घ्यावे, तर घडणावळ पुन्हा भरावी लागते. मुलाच्या शिक्षणासाठी भांडी विकणाऱ्या कारकुनाला वारसाजतनाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र अडलेल्या माणसाचा सौदा अंधारात होऊ नये, एवढे मागणे वावगे ठरू नये.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्किंगला ओळखक्रमांकाची जोड मिळाली. पण ते ऐच्छिकच ठेवण्यात आले, आणि त्याचा रोख नव्या मालावर आहे. जुनी वस्तू मोडीत घेताना वजन, टंच आणि घट पावतीवर स्वतंत्रपणे लिहिण्याचे बंधन सराफावर घालावे, आणि वस्तू मुशीत जाण्यापूर्वी मालकाला ती अन्यत्र तपासून घेण्याची मुभा असावी.