नदीचे आत्मवृत्त लिहिण्याआधी नदीत उतरू या



‘नदीचे आत्मवृत्त’ हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी तपासलाय. वही उघडायच्या आधीच आपल्याला माहीत असतं, आत काय असणार. नदी डोंगरात जन्मते, खळाळत खाली येते, शेतं फुलवते, मग माणसं तिला घाण करतात आणि शेवटी ती ‘मला वाचवा’ म्हणते. शुद्धलेखन बरं असेल तर आपणही गुण देऊन मोकळे होतो. गडचिरोलीच्या मुलाची आणि पुण्याच्या मुलाची नदी सारखीच निघते, याचं आपल्याला काही वाटत नाही.

आता पुण्याच्या मुलाच्या नदीचा खरा प्रवास बघा. मुठा सह्याद्रीत उगम पावते. तिथून अरबी समुद्र जवळ, पण ती उलट्या दिशेला, पूर्वेकडे निघते. खडकवासल्याला धरणात अडते, शहरात येते, संगमावर मुळेला भेटते. मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. ‘शेवटी मी सागराला मिळते’ या एका वाक्यात हे सगळं बुडून जातं. मुलाने नकाशा पाहिलेला असतो, पण नदी पाहिलेली नसते. पाहिली असली तरी ती पुलावरून, स्कूल बसच्या खिडकीतून आणि नाकाला रुमाल लावून.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. शहरातल्या मुलाला नदी शिकवायची असेल तर त्याला एकदा तरी पाण्याच्या पातळीवर न्यायला हवं, आणि त्यासाठी कयाकसारखं साधन नाही.

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद, हलकी होडी. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही बाजूंना पाती असलेल्या वल्ह्याने डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने पाणी मागे ढकलायचं. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी शिकारीसाठी ती घडवली. सांगाडा लाकडाचा किंवा हाडांचा आणि त्यावर सीलचं कातडं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून तिच्या शर्यतींना पदकं आहेत. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. कयाकमध्ये बसलेल्या मुलाचे डोळे पाण्यापासून हात-दीड हात उंचीवर असतात. इंजिन नाही, आवाज नाही. प्रवाह कुठे ओढतो, कुठे थांबतो, हे त्याच्या दंडाला कळतं.

आठवीत आपण प्लावक बल शिकवतो, नववीत न्यूटनचे गतीचे नियम. फळ्यावर बाण काढून ‘क्रिया आणि प्रतिक्रिया’ समजावताना घसा कोरडा पडतो. वल्ह्याने पाणी मागे लोटलं की होडी पुढे जाते, हे मूल स्वतःच्या हाताने एकदा अनुभवू दे. उजवीकडे जोर लावला की नाक डावीकडे का वळतं, हे ते आपणहून विचारेल.

इतिहासाचंही तसंच. पुण्यात संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे आणि तिथला रेगाटा १९२८ पासूनची परंपरा आहे. कयाक, पंट, शेल अशा होड्या घेऊन मुलं-मुली तिथे उतरतात. पण कोरड्या दिवसांतही तिथे होडी तरंगेल एवढं पाणी कसं राहतं? कारण खाली बंडगार्डनला बंधारा आहे. एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून तो उभा राहिला. म्हणजे आपण जिला वाहती नदी समजतो, तिचा हा तुकडा खरं तर अडवलेलं पाणी आहे. पुलावरून हे लक्षात येत नाही. होडीत मात्र लगेच येतं, कारण वल्हवायचं थांबलं की होडीही जवळजवळ थांबते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ‘सर, त्या पाण्यात माझं मूल? अजिबात नाही!’

तुमचं बरोबर आहे. मुळा-मुठेत सांडपाणी येतं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत तिचं नाव आहे. उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस हे तिचं खाद्य. अशा पाण्यात आठवीचा वर्ग उतरवा, असं मी म्हणणार नाही. अंगावर जखम असेल तर घाण पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो. मग उपाय काय? सहली दोन करायच्या. पहिली स्वच्छ, शांत जलाशयावर, जिथे प्रशिक्षक आहेत आणि परवानगी आहे. तिथे मुलं वल्हवायला शिकतील. दुसरी शहरातल्या घाटावर, पायी. तिथे मुलांना फक्त एवढंच विचारायचं: ‘परवा केलंत ते इथे का करता येत नाही?’

या प्रश्नाचं उत्तर शोधणं हाच खरा पाठ. ज्याने पाण्यावरचा आनंद चाखलाय, त्यालाच आपल्या नदीत काय गमावलं ते कळतं. ज्याने कधी चाखलाच नाही, त्याला प्रदूषण हा निबंधातला तिसरा परिच्छेद वाटतो.

आणि हे अशक्य नाही. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराच्या बंदरातही एकेकाळी सांडपाणी जात होतं. त्यांनी पावसाळी ओव्हरफ्लो साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या आणि २००२ मध्ये इस्लंड्स ब्रिगे इथे भर शहरात पोहण्याची जागा सुरू केली. २०१७ पासून तिथे ‘ग्रीनकयाक’ नावाचा उपक्रम आहे. कयाक फुकट मिळते, अट एकच: येताना पाण्यातला कचरा गोळा करून आणायचा. आपल्याकडेही मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून प्रकल्प आहे, त्याचा मूळ मंजूर खर्च सुमारे ९९० कोटी होता, आणि नदीकाठ सुधारणेची ४४ किलोमीटरची योजना आहे. काठ देखणा होईलही. पण माझी कसोटी सोपी आहे. बारा वर्षांचं मूल पालकांच्या संमतीने त्या पाण्यात होडी घालू शकतं का? याचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत नदी सुधारली, असं म्हणायला मी तयार नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र तडजोड नको. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवंच, आणि त्याचे पट्टे शिक्षकांनी स्वतः ओढून बघायचे. पट्टीचं पोहणाऱ्यालाही सूट नाही. पावसाळ्यात नदीचं नावही काढायचं नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल कसा पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना सांगायला नको. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर तर घराघरातल्या आजी-आजोबांना आठवतो. मुलांना त्यांच्याकडून तो ऐकून यायला सांगा. अजून एक, फारसं न सांगितलं जाणारं: छोट्या बंधाऱ्याच्या खालचं पाणी वरून शांत दिसलं तरी आत उलटं फिरत असतं. त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढला जातो. होडी असो वा नसो, बंधाऱ्याजवळ जायचं नाही, हे प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं.

सहल लगेच जमणार नाही, हे मला कळतं. खर्च आहे, परवानग्या आहेत, वेळापत्रक आहे. मग या आठवड्यात एवढंच करू या. निबंधाचा विषय बदलू. ‘नदीचे आत्मवृत्त’ ऐवजी ‘माझ्या गावच्या नदीला मी काय विचारीन?’ असा द्या आणि अट घाला: नदीचं नाव हवं, ती कुठून येते आणि कुणाला मिळते ते हवं, आणि स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट हवी. पालकांनी रविवारी सकाळी अर्धा तास मुलाला घाटापर्यंत न्यावं. वास आला तरी नाक दाबू नका. तो कशाचा आहे, ते मुलालाच ओळखू द्या.

वह्या आल्या की तपासायला थोडा जास्त वेळ लागेल. कारण या वेळी प्रत्येक वहीत वेगळी नदी असेल.