आजीचा होकार

निर्णा गावातल्या एका चुलीपुढं या आठवड्यात चार वर्षांच्या नातीनं विचारलं, ‘आज्जी, मी भाकर थापू?’ आजीनं लगेच ज्वारीच्या पिठाचा छोटा उंडा तिच्या हातात दिला. परातीबाहेर पीठ सांडलं, भाकरीची कड फाटली, तरी भाकर तव्यावर गेली, आणि पोरीपेक्षा आजीच जास्त खुलली! जिवाला धोका नसेल तर लेकराला ‘हो’च म्हणावं, सांडलेलं पीठ झाडता येतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाच होकार शिक्षणात आणला. १९४५ साली बोर्डी गावात काम सुरू केल्यावर मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरली, आणि धाकटं भावंड कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच छपराखाली आली.