दावतीत भोपळा का नको?

शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न कधी ना कधी येतोच, "मॅडम, तुमच्यात भाज्या करतात का हो?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्यामुळे मला राग येत नाही. मला काळजी वेगळीच वाटते. हा समज आता आपल्यालाही खरा वाटू लागलाय. डबा उघडताना मुलं पुटपुटतात, "आज भाजीच आहे." महिनाअखेरीला पाहुणे आले तर उधारीवर मटण आणणारी घरं मी पाहिली आहेत. भाजी वाढली तर इज्जत जाईल, ही भीती!

म्हणून माझं म्हणणं असं की भाजलेल्या भाज्यांचं दाट सूप आपल्या दावतीत मानानं यावं. आजाऱ्याचं पथ्य म्हणून नव्हे, दस्तरख्वानावरचा पहिला पदार्थ म्हणून.

सूप आपलं नाही, असं कुणी म्हणेल. पण शोरबा कुणाचा? शब्द फारसी आहे, आणि आपल्या घरात तो 'शेरवा' होऊन कधीचा रुळलाय. भाजणंही परकं नाही. वांग्याचं भरीत, रायगडची पोपटी, शेतातला हुरडा ही सगळी विस्तवाचीच करामत आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरिपाचा पिकलेला लाल भोपळा बाजारात येतो. एक किलोची फोड सालासकट घ्यावी. बिया काढून तेल-मीठ चोळावं. सोबत दोन कांदे, एक टोमॅटो आणि लसणाचा अख्खा गड्डा ठेवावा. ओव्हन असेल तर २०० अंशांवर चाळीसेक मिनिटं. नसेल तर जाड तव्यावर, झाकण ठेवून, मंद आचेवर, कडा तपकिरी होईपर्यंत. उकडताना भाजीची चव पाण्यात उतरते. भाजताना उलट होतं. पाणी उडून जातं, गोडी एकवटते आणि खरपूस वास येतो. मग गर चमच्यानं काढावा, लसूण सालीतून पिळावा, थोडं निवू द्यावं (गरम गर मिक्सरमध्ये घातला तर वाफेनं झाकण उडतं) आणि वाटावं. पाणी घालून एक उकळी, वर मिरपूड आणि भाजलेलं जिरं. मलई लागत नाही, कॉर्नफ्लोअरही नाही. दाटपणा भोपळ्याच्या गराचाच असतो. पाच-सहा वाट्या सहज होतात.

आता इज्जतीचं. सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस आहे. एका शिंप्यानं पैगंबर (स.) यांना जेवायला बोलावलं. समोर ठेवलं काय? जवाची भाकरी आणि दुधी व वाळलेलं मांस घातलेला रस्सा. पैगंबर (स.) त्या भांड्यातून दुधीच्या फोडी शोधून शोधून खात होते. अनस म्हणतात, त्या दिवसापासून मलाही दुधी आवडू लागला.

भाषेची शिक्षिका म्हणून इथं एक खुलासा करते. उर्दू तर्जुम्यात 'कद्दू' असतं आणि आपण लाल भोपळा समजतो. पण लाल भोपळा मूळ अमेरिका खंडातला. १४९२ नंतरच तो इकडच्या जगात आला. म्हणजे त्या रश्श्यात दुधीच होता. दुधीचं सूपही असंच भाजून करा. तो पाणीदार असल्यानं भाजण्याचा फायदा त्याला जास्तच होतो. दाटपणासाठी मूठभर भिजवलेले काजू वाटून घाला, की झालं.

पण हदीसमधली मोठी गोष्ट मला भाजीपेक्षा त्या शिंप्याची वाटते. कष्टकरी माणूस, घरात होतं ते त्यानं न लाजता वाढलं. आणि पाहुण्यानं त्यातली भाजीच निवडून खाल्ली. आपण मात्र पाहुण्याची कदर मटणाच्या वजनावर मोजतो.

मटण सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. मलाही आवडतं. पण जे परवडत नाही त्यासाठी कर्ज काढायचं आणि जे परवडतं ते लपवायचं, ही रीत आपल्या दीनानं शिकवलेली नाही. ज्यांच्याकडे मटण सहज येतं, त्यांनीच आधी दावतीत बिर्याणीच्या अगोदर हे सूप वाढावं. श्रीमंताच्या दस्तरख्वानावर भोपळा दिसला, तर गरिबाला तो वाढताना मान खाली घालावी लागणार नाही.